दादानं माझ्या घराची बेल वाजवली

रविवार, ७ डिसेंबर. दुपार. हावडा स्टेशन, नवीन इमारतीतला फलाट.

हजर: दादा ..........., म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ; वहिनी; आणि मी, सुनंदा, आपल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. गैरहजर: माझे यजमान, ऑफिसच्या कामासाठी पारादीपला. सामान: दोन बॅगा, नलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचा एक खोका, वहिनींची पर्स. दादाचं पूर्ण नाव इथं यायला हवं होतं. ते का आलं नाही, हे शेवटी सांगते.

गाडी लागलेली होती. वहिनी आत जाऊन सीट शोधून आल्या, बॅगा ढकलल्या. मी नेहमीच्या सूचना दिल्या: नाशिक रोड यायच्या आधी अर्धा तास उठून बसा, रात्री दाराशी जाऊ नका, पोचलात की फोन करा. दादा डब्याच्या दारात एक हात दांड्याला धरून उभा होता. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बरं मॅडम."

आणि हसला. रागानं म्हणाला असता तर मला बोलता आलं असतं.

दादानं मला जन्मात मॅडम म्हटलेलं नव्हतं. मी त्याची सुनी, सुने, फार लाडात आला तर सुनंदाबाई. मॅडम हा शब्द आमच्यात आदल्या संध्याकाळी आला, माझ्याच हॉलमध्ये, सहा पाहुण्यांच्या देखत. त्या सहांपैकी बहुतेक जण हा अंक वाचतील. म्हणूनच हे लिहिते आहे. मंडळाच्या पाडवा अंकासाठी "गाव सोडताना" हा विषय मीच सुचवला होता, आणि गाव सोडल्यावर माझ्या हातून काय सुटलं ते मला त्या संध्याकाळी कळलं.

माझं गाव नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. अण्णांची, म्हणजे वडिलांची, द्राक्षबाग होती. साधी खायची द्राक्षं, थॉमसन. लग्न होऊन, बँकेची बदली मागून घेऊन मी कलकत्त्याला निघाले तेव्हा नाशिक रोडला सगळे पोचवायला आले होते. आईनं डोळे पुसत लाडवांचा डबा दिला. दादानं द्राक्षांची एक पेटी माझ्या बर्थखाली सरकवली आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "हिला कमी देऊ नका, ही पेटी एकटी संपवते!" मला तेव्हाही लाज वाटली होती. पण ती लाज वेगळी, कोवळी होती. अण्णा मात्र एकच वाक्य बोलले. ते वाक्य आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत होतो: "कुणी विचारलं की पूर्ण नाव सांगायचं. अर्ध्यावर थांबायचं नाही."

पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव आणि गाव. शाळेत साहेब तपासणीला आले तरी, आणि बाजार समितीत कुणी हटकलं तरी. अण्णा स्वतः तसंच सांगायचे, जरा छाती पुढे काढून.

कलकत्त्यात मला कुणी पूर्ण नाव विचारलंच नाही. बँकेत मी सासरच्या आडनावानं, शेजारी सुनंदादी, मंडळात सुनंदाताई. माहेर कुठलं विचारलं तर "नाशिककडचं, द्राक्षाच्या बागा आहेत" एवढं पुरायचं. दूरच्या शहरात ही एक सोय असते. गावात तुमचं माहेर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. इथं तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच तुमचं माहेर. मी द्राक्षांपर्यंत सांगायचे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरवा मांडव यायचा, मलाही बरं वाटायचं.

मग दादानं थॉमसन उपटून वाईनची द्राक्षं लावली आणि काही वर्षांनी छोटी वायनरी काढली. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून, एवढीच माणसं. हंगामात मजूर. आई म्हणाली, "दारूचं नाव घरात नको." अण्णा बरेच दिवस दादाशी बोलले नाहीत. पण शेवटी विहिरीकडचा जपून ठेवलेला तुकडाही त्यांनीच दादाला दिला, आणि म्हातारपणी वायनरीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. आलेल्या प्रत्येकाला पूर्ण नाव सांगायचे. ते गेल्यावर दादानं प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलवर त्यांचं पूर्ण नाव आणि गाव छापलं.

आई बदलली, अण्णा बदलले. मी कलकत्त्यात बसून बदलले नाही. मंडळात कुणी माहेरचं विचारलं की मी अजूनही "द्राक्षाच्या बागा" म्हणायचे. हळदीकुंकवाच्या यादीत माझं नाव वर असतं, गणपतीचा हिशेब माझ्याकडे असतो, मुलींना स्तोत्रं मी शिकवते. त्या बाईच्या भावाचा दारूचा धंदा आहे, हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. धंदा हा शब्दही माझाच. दादा त्याला "काम" म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. बंगालमध्ये वाईन विकायची परवानगी मिळाली होती. सॉल्ट लेकमधल्या एका दुकानदारानं थोड्या बाटल्या ठेवल्या होत्या, पण त्याची अट सरळ होती: लोक मागायला आले तर पुढची ऑर्डर, नाही तर बंद. "सुने, तुझ्याच एरियात आहे," दादा म्हणाला. "तू दहा घरांत सांगितलंस तर गाडी चालू होईल. तुझं लोक ऐकतात ना?"

मी म्हटलं, ये. माणसं बोलावू, चाखायला देऊ.

मी कामाला लागले. कामाला लागले की मला दुसरं काही सुचत नाही. पाहुणे ठरवले: मंडळाचे जुने सभासद देशपांडे काका आणि काकू, खालच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी मित्रदा आणि शर्मिष्ठादी, न्यू टाउनमधलं तरुण जोडपं, ओंकार आणि नेहा. ग्लास, पाण्याचा जग, कोथिंबीर वड्या, चीज, शेंगदाणे. आणि व्हॉट्सअॅपवर निमंत्रण: "नाशिकच्या एका कुटुंबाची छोटी वायनरी आहे. त्यांच्या तीन परवडणाऱ्या रेड वाईन चाखायला शनिवारी संध्याकाळी या. मालक स्वतः येणार आहेत."

एका कुटुंबाची. मालक. मी ते शब्द विचार करून लिहिले. स्वतःला कारणही दिलं: नातं कळलं तर लोक भिडेपोटी चांगलं म्हणतील, खरं मत मिळणार नाही. कारण इतकं नीटनेटकं होतं की मी तोच मेसेज दादालाही पाठवला.

त्यानं अंगठा पाठवला.

दादा आणि वहिनी शुक्रवारी आले. शनिवारी सकाळी दादा दुकानात जाऊन आपल्याच तीन बाटल्या बिल करून घेऊन आला. "आपलीच वाईन पूर्ण किंमत देऊन विकत घेतली," तो खूश होता. "दुकानदारानं मला ओळखलंच नाही. म्हणाला, कैसा लगा पीके बताना!" वहिनींनी वड्या थापल्या, माझा माठ धुऊन भरला, ग्लास पुसून ट्रेमध्ये लावले. पाहुणे पाचला यायचे होते. साडेचारला दादा म्हणाला, "आम्ही जरा चक्कर मारून येतो, तुमचं ते सेंट्रल पार्क बघतो." मी म्हटलं, आत्ता? तो म्हणाला, "येतो गं वेळेवर."

पाहुणे आले. शर्मिष्ठादींनी घरून मोचार चॉप करून आणले होते, केळफुलाचे, गरम. काकू सोफ्यावर बसता बसता म्हणाल्या, "मी घेत नाही हं. मी नुसता वास घेईन." काका म्हणाले, "चाळीस वर्षं माझ्या चहाचाही नुसता वास घेते आणि कप रिकामा होतो." सगळे हसले. आणि बेल वाजली.

दार मीच उघडलं. दादा आणि वहिनी पायरीवर उभे होते. दादानं इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांवर पाणी लावून भांग पाडलेला. माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात होती, मीच सकाळी दिलेली.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. "उशीर तर नाही झाला?"

त्यानं माझा मेसेज वाचला होता आणि मला काय हवं आहे ते न विचारता समजून घेतलं होतं. तेवढ्यात मला हसून म्हणता आलं असतं, "अरे दादा, हे काय नाटक!" सगळे हसले असते, आणि संध्याकाळ वेगळीच झाली असती. एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, "या, या."

आतल्या खोलीत त्यांच्या बॅगा होत्या. मी जाता जाता त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

दादा बोलायला लागला की छान बोलतो. पहिली शिराझ, दुसरी झिनफँडेल, नावं द्राक्षांच्या जातींचीच. दोन्हींना फिरवून काढायचं झाकण. त्यानं थोडी थोडी ओतली, ग्लास कसा धरायचा ते दाखवलं. म्हणाला, "फार गार करू नका. माठातल्या पाण्याएवढी गार पुरे. आणि चव कळली नाही तर लाजायचं नाही, मलाही पहिली दोन वर्षं सगळ्या सारख्याच लागायच्या."

"नाशिकला द्राक्षं खायला माणसं कमी पडली का हो, पिळायला घेतली ती?" काकांनी विचारलं.

"खाणारे भाव पाडून मागतात काका. पिणारे बिचारे छापील किंमत देतात."

काका खूश. काकूंनी वास घेतला, मग एक घोट, मग ग्लास पुढे केला. "जरा जांभळासारखी लागते, नाही?" दादाचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर बोललात! पुण्याहून शिकून आलेले लोक काय काय नावं घेतात. आमच्याकडे आम्ही जांभूळच म्हणतो." शर्मिष्ठादी म्हणाल्या, मोचार चॉपबरोबर दुसरी जास्त चांगली लागते. दादानं चॉप खाऊन घोट घेतला आणि मान डोलावली. "हमारे घर में भी बताऊँगा."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मॅडम, प्यायचं पाणी कुठं मिळेल?"

माठ त्यांनीच भरला होता. मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

मग ओंकारनं बाटली उलटी करून मागचं लेबल वाचायला घेतलं. तो इथंच वाढलेला, मराठी वाचतो पण अडखळत. त्यानं अण्णांचं पूर्ण नाव वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. एक अक्षर चुकलं, नेहानं दुरुस्त केलं, त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "हे कोण, सर?"

"माझे वडील," दादा म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझी सोय व्हावी म्हणून पाहिलं नाही.

काकू मायेनं म्हणाल्या, "किती छान केलंत हो, वडिलांचं नाव घातलंत." मग माझ्याकडे वळल्या. "सुनंदाताई, तुमच्याही माहेरी द्राक्षं ना? तुमची मंडळी नाही पडली यात?"

मी म्हटलं, "नाही हो. आमच्याकडं फक्त खायची."

दादा तेव्हा काकूंच्या ग्लासात ओतत होता. थेंबही बाहेर पडला नाही. "खायच्या द्राक्षांचं गणितच वेगळं असतं," तो म्हणाला. माझ्या खोट्याला त्यानं असा टेकू दिला.

शर्मिष्ठादींनी त्याला आपुलकीनं विचारलं, "आपका यहाँ कोई है? रिश्तेदार?"

"नहीं दीदी. काम से आये हैं."

शेवटी ओंकारनं मुद्द्याचं विचारलं. त्याच्या सोसायटीत पुष्कळ लोक वाईन घेतात, पण नवीन नाव म्हटलं की कचरतात. "सुनंदाताई, तुम्ही ओळखता ना यांना? तुम्ही खात्री देत असाल तर मी ग्रुपवर टाकतो. तुमचं नाव घातलं की लोक घेतील."

दादा याचसाठी दोन रात्री गाडीत काढून आला होता. मी ओंकारला म्हटलं, "अरे, मीही आजच चाखतेय. चांगली वाटली, एवढंच सांगू शकते."

ओंकार "ओके, ओके" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तिसरी बाटली बुचाची होती. कॅबर्ने आणि शिराझ एकत्र, विहिरीकडच्या तुकड्यातली. दादानं ती हातात घेतली, बुचाकडे पाहिलं आणि बाजूला ठेवली. "याचं बूच खराब निघालंय. ही नाही देत तुम्हाला." काका म्हणाले, म्हणजे पुन्हा यायला लागेल तुम्हाला. दादा म्हणाला, बोलावलंत तर येऊ.

पाहुणे गेले. जाताना दादा आणि वहिनीही चपला घालून त्यांच्याबरोबर लिफ्टनं खाली गेले, सगळ्यांना नमस्कार केला, गाड्या जाईपर्यंत फुटपाथवर थांबले. वर आले तेव्हा पुन्हा बेल वाजवली नाही, किल्लीनं दार उघडलं. मी ग्लास विसळत होते. म्हटलं, "दादा, खरं मत मिळावं म्हणून मी..." तो म्हणाला, "मिळालं की. जांभूळ म्हणाल्या." आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

पिठलं-भात होता. तिघंही जेवलो.

दुसऱ्या दिवशी फलाटावर दादा "बरं मॅडम" म्हणाला ते यानंतर. तो आत जाऊन बसला आणि वहिनी दारात आल्या. गाडी सुटायला थोडा वेळ होता. वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ताई, तिसरी बाटली तुमच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात आडवी ठेवलीय. उभी करू नका, बूच सुकतं."

"पण बूच तर खराब..."

"बूच चांगलं आहे. तेवढी एक त्यांना तिथं उघडवली नाही. अण्णांच्या तुकड्यातली आहे." मग म्हणाल्या, "मी असते ना त्यांच्या जागी, तर सगळ्यांसमोर सांगितलं असतं. ते म्हणाले, तिचं घर आहे, तिला तिथं राहायचंय."

मी परत येताना मेट्रोनं आले, नदीच्या खालून. डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, माझी तब्येत बरी आहे का. मी बरी आहे म्हटलं.

इथं राहून अठ्ठावीस वर्षं झाली. घर कुठलं म्हणून विचारलं तर इतकी वर्षं माझ्याकडे दोन उत्तरं तयार असायची, एक इथल्यांसाठी आणि एक तिथल्यांसाठी, आणि दोन्ही नीट जमली आहेत असं मला वाटायचं. आता दोन्ही उच्चारताना अडखळते. गावी माझ्यासाठी अजून एक खोली आहे, वहिनी तिथं माझी जुनी उशी ठेवतात. त्या घराची बेल मी कधी वाजवलेली नाही, तिथं बेलच नाही, लांबून हाक मारत आत जायचं. आणि इथं माझ्या दारावर बेल आहे, आणि माझ्या भावानं ती परक्यासारखी वाजवली. आपल्यापैकी बाहेर पडलेल्या प्रत्येकानं काही ना काही मागं ठेवलं असेल, कुणी बोली, कुणी देव, कुणी एखादं नातं. सामान कमी असलं की प्रवास सोपा होतो, हे मला कळतं. पण मागं राहिलेलं माणूस एवढ्या लांब येऊन दारात उभं राहिलं, तर त्याला "या, या" म्हणू नका. अरे-तुरे करा.

परवा त्या दुकानात गेले होते. दादाच्या बाटल्या खालच्या फळीवर होत्या, पुढच्या ओळीवर धूळ. मी दोन घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "ये वाला किसने बताया आपको?" मी म्हटलं, "मेरे भाई का है." तो म्हणाला, "अच्छा? तो पहले बोलना था ना." हे मी मोठ्यानं सांगितलं असा पहिलाच माणूस तो, आणि तो मला ओळखतही नाही.

काकू, काका, मित्रदा, शर्मिष्ठादी, ओंकार, नेहा: त्या संध्याकाळी तुम्ही ज्यांच्या हातची वाईन प्यायलात ते माझे दादा-वहिनी. लेबलवरचं नाव माझ्या वडिलांचं. ओंकार, मी खात्री देते. शर्मिष्ठादींना हा लेख मी स्वतः वाचून दाखवीन.

राहिलेली कामं. देव्हाऱ्याखालची बाटली आडवीच आहे, ती दादा आल्याशिवाय उघडायची नाही. तुम्हा सहा जणांना पुन्हा बोलावायचं आहे. पण त्याआधी दादाला विचारायचं आहे की त्याचं पूर्ण नाव, अण्णांचं आणि वायनरीचं, मी या लेखात घालू का. माझ्या नावाशेजारी ते छापलेलं त्याला चालेल, असं आता गृहीत धरता येत नाही. लेख पाठवायची मुदत मीच सगळ्यांना दिली होती आणि ती उलटून गेली. वर, हजर असलेल्यांच्या ओळीत, "दादा"च्या पुढे जागा सोडली आहे. सध्या तिकडे तोडणी चालू आहे, दिवसभर तो बागेत असतो, दुपारी जेवायला येतो तेव्हा फोन उचलतो. रोज दुपारी मला ते आठवतं. फोन अजून केलेला नाही.